दगडी पाला, एकदांडी, कंबरमोडी: तुमच्याकडे या झाडाला काय म्हणतात?

बांधावरची
गेल्या रविवारी सोसायटीच्या मागच्या भिंतीशी माळीदादा खुरप्याने तण खरवडत होते. ढिगात एक ओळखीचं झाड दिसलं. जमिनीवर पसरलेलं, केसाळ दातेरी पानं, त्यातून वीतभर उंच एकच दांडा आणि दांड्याच्या टोकाला बटणाएवढं पिवळं फूल, कडेला मोजक्या पांढुरक्या पाकळ्या. मी म्हटलं, "अहो दादा, हा तर दगडी पाला!" ते म्हणाले, "गवत आहे ताई ते."

मी बार्शी तालुक्यातली. आठवी-नववीत असेन. आण्णा वैरण तोडत होते, कोयता निसटला आणि डाव्या हाताची तर्जनी चांगलीच चिरली. रक्त थांबेना. आई बांधावर गेली आणि मूठभर पाला ओरबाडून आली. तळहातावर ठेवून अंगठ्याने असा काही रगडला की पाल्याचा लगदा झाला. मूठ आवळली तशी करंगळीच्या बाजूने हिरवे-काळे चार-पाच थेंब टपटप जखमेवर पडले. आण्णांनी "स्स्स" केलं, कारण तो रस चरचरतो. लगदा वर दाबला, जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आणि अर्ध्या तासात आण्णा परत वैरणीत. दवाखाना नाही, काही नाही. बोटावर अजून पांढरी रेघ आहे, ती सोडली तर काही नाही.

तर प्रश्न असे: तुमच्याकडे याला काय म्हणतात? कशाकशावर वापरायचे? आणि हाच माका का? सासूबाई म्हणतात हाच माका, मला पटत नाही.

कोरडवाहू
आमच्याकडेपण दगडी पालाच. दगडाच्या फटीत, मुरमात, बांधाच्या कपारीत, पाणी नसलं तरी उगवतो म्हणून दगडी. माणसापेक्षा जनावरालाच जास्त वापरलाय. बैलाच्या खांद्याला जू घासून कातडं सोलपटलं की पाला ठेचून थापायचा. माश्या बसत नाहीत असं वडील म्हणायचे. शेळ्या तर आवडीने खातात. शहरात कुणी ससे पाळले असतील तर त्यांनाही घालून बघा, अधाशासारखे तुटून पडतात.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या अकोल्याकडे कंबरमोडी म्हंतेत बाप्पा. दगडी पाला हे नाव मी तं पयल्यांदाच ऐकलं. कंबरमोडी काहून, तं माही आजी म्हने, "हे निंदता निंदता बाईमानसाची कंबर मोडते, म्हून कंबरमोडी." पऱ्हाटीत एकदा शिरली का हटत नाही. एक उपटा, चार उगवते.

शुभचिंतक
खूप छान विषय. मला आलेला संदेश इथे देतो:
"या वनस्पतीला संस्कृतमध्ये जयंती वेद म्हणतात. आपल्या ऋषिमुनींनी हजारो वर्षांपूर्वी हिचे गुण लिहून ठेवले. मधुमेह, मुतखडा, केसगळती, दमा, मूळव्याध यांवर रामबाण. लक्ष्मणाला वाचवणारी हीच ती. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा."
पूर्वजांचं ज्ञान आपण विसरलो हेच खरं.

पानंफुलं
शुभचिंतक, रागावू नका, पण हजारो वर्षांपूर्वी ही वनस्पती भारतात नव्हतीच. ही मूळची मध्य अमेरिकेतली, मेक्सिकोकडची. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये हे नाव दिलं तेव्हा ठिकाण म्हणून मेक्सिकोतलं व्हेराक्रूझ लिहिलं आहे. सूर्यफूल, शेवंती, झेंडू, माका यांच्याच कुळातली. बीला म्हातारीसारखा केसांचा झुपका असतो, वाऱ्यावर उडत जाते, शिवाय पसरलेल्या खोडाला पेरापेरांतून मुळं फुटतात. त्यामुळे एकदा आली ती जगभर झाली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तर ती सरकारी उपद्रवी तणांच्या यादीत आहे.

आणि संस्कृतातली जयंती म्हणजे शेवरी, जिला काही भागांत जैत म्हणतात. झुडूपवजा झाड, शेंगा येतात. हिचा तिचा काही संबंध नाही.

बांधावरची, फूल जवळून बघा. कडेच्या पाकळ्या बहुधा पाचच असतात आणि प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. एवढं जुळलं की ओळख पक्की.

शुभचिंतक
मी ओडिशात सहा वर्षं नोकरी केली आहे. तिथे या झाडाला "बिशल्यकरणी" म्हणतात, कुणालाही विचारा. रामायणातली विशल्यकरणी. हे नाव काय अमेरिकेतून आलं?

पानंफुलं
नाव अमेरिकेतून आलं नाही, बरोबर. झाड आलं. वाल्मीकींच्या युद्धकांडात चार औषधी आहेत: मृतसंजीवनी, विशल्यकरणी, सावर्ण्यकरणी, संधानकरणी. विशल्यकरणी म्हणजे शल्य (अंगात रुतलेलं टोक) काढून टाकणारी, जखम बरी करणारी. ओडिशातल्या लोकांना अंगणात एक नवं झाड सापडलं, जखमेवर लावलं, गुण आला, तर त्यांनी आपल्या मनातलं सगळ्यात मोठं नाव त्याला देऊन टाकलं. मला तरी यात त्या झाडाचा मानच दिसतो. पण नाव जुनं म्हणून झाड जुनं होत नाही.

सयाजीबागेतला
बडोद्याहून. आमच्या गुजराती शेजाऱ्यांनी हा वाद कधीच मिटवलाय: ते याला "परदेशी भांगरो" म्हणतात. भांगरो म्हणजे माका. परदेशी माका! झाडाच्या नावातच पासपोर्ट.

बांधावरची
@सयाजीबागेतला 😄 म्हणजे सासूबाई अगदीच चूक नाहीत तर.

पण पानंफुलं, खरं सांगू, वाचून थोडं वाईट वाटलं. आई हे तिच्या आईकडून शिकली, ती तिच्या आईकडून. मला वाटायचं हे फार फार जुनं असणार.

घाटवाट
वाईट कशाला वाटायचं? मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू, सीताफळ सगळे तिकडचेच. उद्या ठेचा परदेशी म्हणणार का?

खलबत्ता
आयुर्वेदाची चिकित्सक आहे, बावीस वर्षं दवाखाना चालवते. जरा सविस्तर लिहिते.

१) पानंफुलं यांनी सांगितलं ते बरोबर. बृहत्त्रयीत (चरक, सुश्रुत, वाग्भट यांच्या ग्रंथांत) ही वनस्पती नाही, जुन्या निघंटूंत (औषधींच्या कोशांत) नाही. पण त्यात कमीपणा काही नाही. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या भावप्रकाश या ग्रंथात फिरंग रोग (सिफिलिस) आहे आणि त्यावर चोपचिनी सांगितली आहे. रोग फिरंग्यांबरोबर आलेला, औषध चीनकडचं. भावमिश्रांनी "हे ऋषींनी सांगितलेलं नाही" म्हणून बाहेर ठेवलं नाही, वापरलं आणि लिहिलं. दगडी पाल्याचं फक्त लिहिणं राहिलं, वापरणं बांधावरच्या बायकांनी केलं. माझ्या मते ते जास्त कौतुकाचं आहे. पोथीत बघून लावलेला पाला वेगळा आणि कुठलीच पोथी नसताना, शे-दोनशे झाडांतून नेमका हाच हाती धरला ते वेगळं.

२) माका आणि हा एक नाहीत. माका पाणथळ जागी, ओढ्याच्या, पाटाच्या कडेला. पानं अरुंद, भाल्यासारखी, देठ जवळजवळ नाहीच. फूल बारीक, पांढरं. दगडी पाला कोरड्या जागी, पानं रुंद, खोलवर दातेरी, फुलाचा मध्य पिवळा, दांडा लांबलचक. सोपी परीक्षा: माक्याचं खोड किंवा पान चुरगाळून तळहातावर चोळा, थोड्या वेळात डाग काळा पडतो. केसांच्या तेलाला तो माकाच हवा. विकायला येणाऱ्या माक्यात दगडी पाला मिसळलेला असतो, कधीकधी सगळाच तो असतो. वाळवून चुरा केल्यावर ओळखायचं कसं? म्हणून मी ओला आणते.

३) उपयोग: ताज्या, वरवरच्या, स्वच्छ जखमेवर रस. खरचटणं, विळा लागणं, चप्पल चावणं. रक्त थांबायला मदत होते हा अनुभव सार्वत्रिक आहे, आणि जखम भरून येण्याबद्दल प्रयोगशाळेत काम झालेलं आहे, पण ते उंदरांवर. मधुमेह, दमा, मूळव्याध वगैरे जे संदेशात आहे त्यावर मी हे कधीही देत नाही.

४) हे मात्र कृपया वाचा. बांधावरचा पाला म्हणजे बांधावरची माती. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. पूर्वी पाला लावून माणसं बरी व्हायची हे खरं, आणि पूर्वी धनुर्वाताने माणसं जायची हेही खरं. जे गेले ते गोष्ट सांगायला उरले नाहीत. जखम वाहत्या पाण्याने धुवा, पाला धुवा, दाताने चावून तर अजिबात लावू नका (खेड्यात सर्रास करतात). खोल जखम, गंजका पत्रा, खिळा, जनावराचा चावा असेल तर पाला विसरा आणि सरळ दवाखाना गाठा. इंजेक्शन घ्या.

अर्धवट_ज्ञानी
मुतखड्यावरून आठवलं, माझी फजिती सांगतो. तीन वर्षांपूर्वी मला ५ मिलिमीटरचा खडा निघाला. एका नातेवाइकाने छातीठोकपणे सांगितलं, "दगडी पाला घे, नावातच दगड आहे, दगड फोडतो." मी पण इंजिनीअर असून मान डोलावली. सकाळी उपाशीपोटी वाटीभर रस, आठ दिवस. चव म्हणजे गवत आणि पश्चात्ताप यांचं मिश्रण. नवव्या दिवशी जी कळ आली ती रात्री अडीच वाजता रिक्षातून दवाखान्यात. खडा शेवटी डॉक्टरांनीच काढला. वर कोरडवाहू म्हणतात तसं दगडात उगवतो म्हणून दगडी, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

खलबत्ता
@अर्धवट_ज्ञानी, तुमच्या नातेवाइकांच्या डोक्यात बहुतेक पाषाणभेद असणार. ते वेगळं औषध आहे आणि तेही असं वाटीने प्यायचं नसतं. नावावरून औषध घेणारे तुम्ही एकटे नाही, माझ्याकडे महिन्याला एक तरी येतो.

खडूफळा
निवृत्त शिक्षक. वयाची पासष्टी उलटली. औषधाचं मला कळत नाही, पण या पाल्याशी माझं वेगळंच नातं आहे. परांडा तालुक्यात एकशिक्षकी शाळेवर होतो. लाकडी फळा दोन-तीन महिन्यांत पांढुरका पडायचा, खडू उमटायचा नाही. मग शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी मुलांना कामाला लावायचो. दोघांनी चुलीतला कोळसा आणायचा, एकाने बॅटरीचे निकामी सेल फोडून आतली कांडी काढायची (आज हे करू दिलं तर पालक मला फोडतील), आणि मुलींनी दगडी पाला. पाला आणि कोळसा पाट्यावर एकत्र वाटायचा. पाल्याचा रस चिकट असल्याने काळं धरून बसायचं. फडक्याने फळ्याला आडवे हात, मग उभे हात. सोमवारी फळा असा काळाभोर की खडू ठेवायला जीव होत नसे. वाटताना कुणाचं ना कुणाचं बोट ठेचायचंच, आणि औषध पाट्यावर तयारच असायचं, फक्त कोळशासकट!

फिल्टरकापी
चेन्नईत वीस वर्षं. इथे याला "वेट्टुकाय पूंडु" म्हणतात. वेट्टु म्हणजे काप, काय(म्) म्हणजे जखम, पूंडु म्हणजे रोप. कापल्या जखमेचं रोप. कुणी कुणाला सांगितलं नसणार, पण बार्शीच्या बांधावर जे कळलं तेच इथेही कळलं. आमच्या कामवाल्या अम्मांना विचारलं तर त्यांनी पहिल्यांदा औषध सांगितलंच नाही. दांडा मोडून अंगठ्याच्या नखाने फुलाचं मुंडकं टिचकीसरशी उडवून दाखवलं आणि हसत सुटल्या. लहानपणचा खेळ. तुम्ही कुणी खेळलायत का?

वऱ्हाडी_ठेचा
हो नं! आमी एकमेकाच्या तोंडावर उडवत होतो. ज्याचं दूर जाईल तो जिंकला.

तांबडी_माती
दापोलीकडे जखमेवर रानमोडीचा पाला लावतात, तो हाच का? आमची रानमोडी तर पुरुषभर उंच वाढते, डोंगरच्या डोंगर भरलेत. हिवाळ्यात पांढऱ्या-जांभळट फुलांचे झुबके येतात आणि पान चोळलं की उग्र वास.

पानंफुलं
नाही, रानमोडी वेगळी: क्रोमोलेना ओडोराटा. पण गंमत म्हणजे तीही अमेरिकेतूनच आलेली, तीही त्याच कुळातली, आणि तिचाही पाला लोक जखमेवर लावतात. केरळात तिला "कम्युनिस्ट पच्चा" म्हणतात, पच्चा म्हणजे हिरवं. झपाट्याने पसरली म्हणून. आता हे नाव कुणाला कौतुकाचं वाटतं आणि कुणाला टोमणा, ते ज्याच्या त्याच्या मतदानावर.

खलबत्ता
आणि तिसरी ओसाडी. पावसाळ्यात दगडी पाल्याच्या शेजारीच उगवते, फिक्या निळ्या-जांभळ्या मऊ फुलांची. तिचाही पाला जखमेला लावतात. पण तिच्यात यकृताला घातक अल्कलॉइडं असतात, तेव्हा "पाला तो पाला" म्हणून काढे करून पिऊ नका. म्हणून मी सारखी सांगते, फूल बघितल्याशिवाय तोडू नका.

घाटवाट
नावांवर परत येतो, कारण मला तो भाग जास्त आवडला. एकदांडी कळलं, एकच दांडा, त्यावर एकच फूल. दगडी कळलं. कंबरमोडीचा मात्र अकोल्याच्या आजींचा अर्थ मला पूर्ण पटेना, मग काल टेकडीवर मुद्दाम उकिडवं बसून बघितलं. खोड जमिनीवर आडवं सरपटतं आणि टोकाशी एकदम काटकोनात वर उठतं. बरोबर कंबरेत मोडल्यासारखं. आणि प्रोकम्बेन्सचा लॅटिन अर्थ काय, तर आडवं पडलेलं, लोळलेलं. म्हणजे लिनियसने आणि वऱ्हाडातल्या कुणा निंदणारीने झाडाची तीच खोड पकडली! माझा हा अंदाज आहे, भाषेच्या जाणकारांनी खोडून काढावा.

वऱ्हाडी_ठेचा
अंदाज भारी आहे, पन तुमी उकिडवे किती वेळ बसले? पाच मिंट? आजी दिवसभर निंदे. तिचा अर्थच खरा. 🙏

कोरडवाहू
😀 हे मान्य करावंच लागेल.

आता जरा तक्रार. खलबत्ता ताई म्हणतात पाला धुऊन घ्या. माती धुतली जाईल हो, फवारा कसा धुणार? आमच्या शिवारात आता निंदायला माणूस मिळत नाही, सगळे तणनाशक मारतात. बांधावरसुद्धा मारतात. मागच्या वर्षी पोराला तारेने खरचटलं, मी सवयीने पाला तोडायला वाकलो आणि तसाच उभा राहिलो. शेजाऱ्याने परवाच पंप फिरवला होता. घरी येऊन डब्यातली पिवळी मलमपट्टी लावली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आलो. पाला समोर होता आणि लावता आला नाही.

खलबत्ता
फवारलेल्या जागेचा पाला लावू नका, कितीही धुतला तरी. रस्त्याकडेचाही नको. कुंडीत एक रोप लावून ठेवा, मरत म्हणून नाही ते. पेराचा तुकडा मातीत खोचला तरी धरतं.

बांधावरची
सगळ्यांचे आभार. काल रात्री आईला फोन केला होता. विचारलं, तुला कुणी शिकवलं दगडी पाल्याचं? म्हणाली, "शिकवायचं काय त्यात? माझ्या आईनं माझ्या गुडघ्याला लावला तवा चरचरलं, ते ध्यानात राह्यलं." मग मी सांगितलं की ते झाड अमेरिकेतून आलंय. थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "तुझ्या भावासारखं उलटं." भाऊ न्यू जर्सीला असतो.

आणि खलबत्ता यांचं वाचून दाखवलं तर लगेच कबूल केलं, आण्णांच्या बोटाच्या वेळी दुसऱ्या दिवशी बार्शीला नेऊन इंजेक्शन दिलं होतं. मला तेव्हा शाळेत पाठवलं होतं म्हणून माहीत नाही. म्हणजे पहिल्या प्रतिसादात मी "दवाखाना नाही, काही नाही" लिहिलंय ते चूक. संपादन करायची मुदत संपली आहे, म्हणून इथे लिहिते.

माळीदादांनी भिंतीशी दोन हात जागा सोडायचं मान्य केलंय. आज सकाळी त्या फुलांवर अंगठ्याच्या नखाएवढी निळसर फुलपाखरं होती, सहा-सात तरी. पाकळ्या मोजल्या, पाच. दातेही तीन. फोटो टाकते.

पानंफुलं
गवतातली छोटी निळी असणार. या फुलाचा मध त्यांना फार आवडतो, वर्षभर फुलतं ना. पण फोटो दिसत नाहीये.

फिल्टरकापी
मलाही नुसती चौकट दिसतेय.

बांधावरची
आता बघा. नाही दिसला तर रात्री लेक आल्यावर तिच्याकडून टाकून घेते.